शेवट आधीच कळला तर

चित्रपटाला निघालेल्या माणसाला वाटेत कुणीतरी गाठावे आणि खुनी कोण ते सांगून टाकावे, ही तक्रार काही नवी नाही. आधीच्या खेळातून बाहेर पडणारी मंडळी शेवटाची मोठमोठ्याने चर्चा करीत तिकिटाच्या रांगेजवळून जात, तेव्हाही ती होतीच. नवे आहे ते तिचे प्रमाण. आता शुक्रवारी सकाळचा पहिला खेळ सुटतो आणि दुपारच्या जेवणापर्यंत त्या चित्रपटाचा शेवट मोबाईलवरून साऱ्या गोतावळ्यात फिरून आलेला असतो. तरुण मंडळींनी त्यासाठी ‘स्पॉयलर’ हा शब्द उचलला आहे. मराठीत त्याला रूढ प्रतिशब्द नाही. जुने परीक्षणकार ‘रहस्य फोडणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही’ एवढे म्हणून थांबत. या लेखापुरता आम्ही ‘रहस्यभेद’ हा शब्द वापरीत आहोत. तो थोडा जड आहे याची आम्हांला जाणीव आहे.

रहस्यभेद झाला म्हणजे नेमके काय जाते? ‘मजा गेली’, असे सर्रास म्हटले जाते. दीडशे रुपयांच्या तिकिटातील पन्नास रुपये वाया गेले, अशा सुरात ते म्हटले जाते, आणि वडीलधारी मंडळीही ते तेवढ्याच हलकेपणाने घेतात. एवढ्यावरच हा विषय मिटत असता तर त्यासाठी या त्रैमासिकाची पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु काही कलाकृतींच्या बाबतीत मजेहून मोलाचे असे काही नाहीसे होते, आणि काहींच्या बाबतीत, उलटपक्षी, काहीच नाहीसे होत नाही. हा भेद कशावर अवलंबून आहे, हे तपासणे आम्हांला अगत्याचे वाटते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत राहणाऱ्या वाचकांना तर ते विशेष सोपे जावे. कारण मराठी प्रेक्षकाचे शिक्षण झाले तेच मुळी या परिसरात, आणि तेही रहस्याविना.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली येथे विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक सादर केले. तंजावरच्या भोसले राजांनी त्यापूर्वीच मराठी नाटके लिहिली होती, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तथापि मराठी रंगभूमी दिन आपण पाळतो तो सांगलीच्या याच तारखेला, आणि विष्णुदास भावे गौरवपदकही दरवर्षी त्याच दिवशी सांगलीत दिले जाते. सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले आणि तसे काही, पण अधिक नेटके, मराठीत करण्याची आज्ञा आपल्या पदरच्या या तरुणाला केली, ही कथा सर्वश्रुत आहे. आम्हांला लक्ष वेधावयाचे आहे ते त्या खेळाच्या रचनेकडे. सूत्रधार रंगमंचावर उभा राहून पुढे काय घडणार ते पद्यात गाऊन सांगे, आणि मग पात्रे ते करून दाखवीत. पात्रांची भाषणे बहुतांशी लिहिलेली नसत. ती त्यांनी आयत्या वेळी करावयाची असत. म्हणजे ज्याला आज आपण रहस्यभेद म्हणतो तो करणारा माणूस सांगलीच्या रंगमंचावर राजरोस उभा होता, आणि सर्वांत मानाचे काम त्याचेच होते! धनुष्य कोण मोडणार हे दरबारातील प्रत्येकाला ठाऊक होते. ते ठाऊक नसलेला एकच इसम तेथे असावा लागे, तो म्हणजे रावणाची भूमिका करणारा नट. आणि त्यालाही ते ठाऊक नाही असे भासवावयाचे असे.

त्या प्रेक्षकाला अडाणी समजण्याची चूक कुणी करू नये. तो कीर्तनात वाढलेला होता. उत्तररंगातील आख्यान त्याला तोंडपाठ असे, आणि तरीही बुवा कुठे थांबतात, कुठे आवाज चढवतात, कोणत्या प्रसंगावर आज रेंगाळतात याकडे त्याचे कान असत. कथा माहीत असल्यामुळे त्याला कथेवर लक्ष खर्च करावे लागत नव्हते. ते सारे लक्ष तो कथनाला देऊ शकत होता. (इंग्लंडहून आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या ‘ख्रिस्तपुराणा’साठी ओवीचा आणि पुराणाचा साचा निवडला. राशोलला १६१६ साली छापल्या गेलेल्या या ग्रंथाचे श्रोते नवख्रिस्ती होते. त्यांना कथा नवी होती, पण ऐकण्याची सवय जुनी होती. स्टीफन्सनी त्या सवयीवर भरवसा ठेवला.)

सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी या सवयीचा वापर कशासाठी केला ते पाहण्याजोगे आहे. ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. विराटाच्या नगरीत सैरंध्री होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर वाईट नजर ठेवणारा कीचक, आणि त्याला ठार करणारा भीम, ही कथा महाराष्ट्रातील शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. नाटकाचे नावच शेवट सांगून मोकळे होते. असे असताना प्रेक्षागृहात विलक्षण तणाव निर्माण होई. कारण कीचकाच्या मुखातून लॉर्ड कर्झन बोलतो आहे, धर्मराजाच्या सबुरीत मवाळ दिसत आहेत आणि भीमाच्या संतापात जहाल, हे प्रेक्षक ओळखीत होते. कथा आधीच माहीत असल्यावाचून ही ओळख पटलीच नसती. जो ‘पुढे काय होईल’ या विवंचनेत आहे त्याला ‘हे कुणाविषयी आहे’ असा प्रश्न पडावयास सवड मिळत नाही. सरकारने १९१० साली या नाटकावर बंदी घातली. ज्या शेवटाची सरकारला भीती वाटली तो महाभारतात पूर्वापार लिहून ठेवलेला होता, हा त्यातील विनोद साहेबाच्या लक्षात आला की नाही कोण जाणे.

सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी हेच तंत्र हसविण्यासाठी योजले. ‘संशयकल्लोळ’ संगीत रूपात १९१६ साली रंगभूमीवर आले. त्याचे मूळ फ्रेंच नाटककार मोलियेरपर्यंत जाते. रेवतीजवळची अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेच्या हाती कशी पडली हे आपण डोळ्यांनी पाहिलेले असते. फाल्गुनरावाने पाहिलेले नसते. नाटकातील सारा हशा या एवढ्या अंतरातून पिकतो. देवलांनी ते प्रेक्षकांपासून लपविले असते आणि शेवटी उघड केले असते तर आपणही फाल्गुनरावाबरोबर तीन अंक संशय घेत बसलो असतो. मग हसणार कोण?

साताऱ्याकडे वळलो तर रहिमतपूरचे वसंत कानेटकर आठवतात. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) या नाटकात शिवाजीमहाराज आणि संभाजीराजे यांच्यातील ताण रंगविला आहे. पुढे १६८९ साली त्या पुत्राच्या वाट्याला काय येणार आहे हे बापाला माहीत नाही, प्रेक्षकाला माहीत आहे. बापाचा प्रत्येक कठोर शब्द त्यामुळे दुप्पट लागतो. त्याच अंतावर बेतलेला ‘छावा’ हा हिंदी चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा शेवट न कळलेला प्रेक्षक महाराष्ट्रात शोधूनही मिळाला नसता; आणि तरी चित्रपटगृहांत लोक धाय मोकलून रडले. त्या चित्रपटाच्या कलात्मक गुणांविषयी आमचे मत फारसे उत्साहाचे नाही, परंतु ते रडणे खरे होते.

आपल्या ख्रिस्ती वाचकांना तर याहून जवळचे उदाहरण आहे. संत मार्कच्या शुभवर्तमानात यहुदा इस्कार्योत प्रथम येतो तो तिसऱ्या अध्यायात, बारा प्रेषितांच्या यादीत. आणि त्याचे नाव उच्चारताच, तेथल्या तेथे, यानेच पुढे प्रभूला शत्रूंच्या हाती दिले हे मार्क सांगून टाकतो. एखाद्या रहस्यकथालेखकाने असे केले असते तर प्रकाशकाने हस्तलिखित परत केले असते. संत योहान सहाव्या अध्यायात तेच करतो. अकराव्या अध्यायात तर तो बेथानीच्या मरियेची ओळख ‘प्रभूला सुगंधी तेल लावणारी’ अशी करून देतो. तो प्रसंग मात्र यावयाचा असतो बाराव्या अध्यायात. मार्कच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या अध्यायांत प्रभू येशू स्वतः आपल्या दुःखसहनाचे, मरणाचे आणि पुनरुत्थानाचे भाकीत तीनदा करतो. शिष्यांना शेवट सांगितला गेला होता, आणि त्यांना तो कळला नाही. शेवट सांगणे आणि शेवट कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शुभवर्तमानकारांना आपल्या साऱ्या चित्रपटपरीक्षकांहून चांगले ठाऊक होते, असे म्हणावयास हरकत नाही.

अम्माऊसच्या वाटेवरील प्रसंग तर सांगलीच्या सूत्रधाराने रचावा तसा आहे. वाटेत भेटलेला अनोळखी प्रवासी कोण, हे संत लूक आरंभीच वाचकांना सांगतो. दोन शिष्यांना मात्र ते ठाऊक नाही. म्हणून त्यांची खिन्नता आपण एका वेगळ्या आतुरतेने पाहतो: आता ओळखतील, आता तरी ओळखतील! लूकने ती ओळख शेवटपर्यंत राखून ठेवली असती तर भाकर मोडण्याच्या क्षणी आपण चकित झालो असतो, एवढेच. आज तो क्षण आपल्याला हवा असतो, आपण त्याची वाट पाहत असतो. आणि दर वर्षी पास्काकाळात तो तितक्याच नवेपणाने येतो.

झावळ्यांच्या रविवारी दुःखसहनाचा वृत्तांत वाचला जातो तेव्हा आपली ख्रिस्तसभा आणखी एक पाऊल पुढे जाते. जमावाची वाक्ये बोलण्याचे काम अनेक ठिकाणी उपासकांकडे येते. कथा आपल्याला पाठ आहे, शेवट पाठ आहे. आणि त्या शेवटाकडे ढकलणारी आरोळी आपल्याच तोंडून निघते. मंडळीतील लहान मुले त्या वेळी आईबापांच्या तोंडाकडे चमकून बघतात, हे कुणाही उपासकाने पाहिले असेल.

आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकाचा उल्लेख येथे सहजच येतो. तो कॅथलिक घरातला, लंडनमध्ये येशूसंघीयांच्या शाळेत शिकलेला. त्याच्या ‘आय कन्फेस’ (१९५३) या चित्रपटात क्वेबेक शहरातील एका धर्मगुरूपुढे खुनी माणूस पापनिवेदन करतो. खुनी कोण हे आपल्याला पहिल्या काही मिनिटांत कळते, धर्मगुरूलाही कळते, पोलीस त्या धर्मगुरूवरच संशय घेतात, आणि तो बोलू शकत नाही. पापनिवेदनाची गुप्तता ज्यांना ठाऊक नाही अशा प्रेक्षकांना हा पेच पटला नाही, अशी खंत हिचकॉकने पुढे व्यक्त केली होती. आपल्या धर्मग्रामांतील प्रेक्षकांना तो समजावून सांगावा लागणार नाही. येथे रहस्य प्रेक्षकांपासून लपविलेलेच नाही, उलट ते त्यांच्या छातीवर ठेवले आहे, आणि त्याचे ओझे दीड तास वाहावे लागते. याच माणसाने सात वर्षांनी ‘सायको’ (१९६०) काढला, आणि तेव्हा मात्र चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नये असा दंडक चित्रपटगृहांना घालून दिला. एकाच कलावंताला एकदा रहस्य उघडे हवे होते, एकदा झाकलेले. तेव्हा या प्रश्नाचे सरसकट उत्तर देऊ पाहणाऱ्यांनी जरा दम धरावा.

तसे सरसकट उत्तर देण्याचा प्रयत्न झाला आहे. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील दोन मानसशास्त्रज्ञांनी वाचकांना लघुकथा वाचावयास दिल्या. काहींना शेवट आधी सांगून, काहींना न सांगता. ज्यांना शेवट आधी कळला होता त्यांनी कथांना सरासरीने किंचित अधिक गुण दिले. वर्तमानपत्रांनी याचा बराच गाजावाजा केला. आम्हांला या प्रयोगाचे आश्चर्य वाटत नाही. भाव्यांच्या प्रेक्षकांना विचारले असते तर त्यांनी हेच सांगितले असते. पण किती आवडले याला गुण देता येतात म्हणून कथेचे काम आवडण्यापुरतेच असते, असे होत नाही.

संदेष्टा नाथान दावीद राजाकडे गेला तेव्हा त्याने एक गोष्ट सांगितली. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातील बाराव्या अध्यायात ती आहे. एका श्रीमंताजवळ पुष्कळ मेंढरे होती, एका गरिबाजवळ एकच कोकरू होते, ते त्याच्या मांडीवर निजे. आणि श्रीमंताने पाहुण्याच्या जेवणासाठी ते गरिबाचे कोकरू हिरावून घेतले. दावीद संतापला. त्या श्रीमंताला मरणाचीच शिक्षा योग्य, असा निवाडा त्याने दिला. आणि मग नाथानाने बोट राजाकडेच वळविले.

कल्पना करावी की राजवाड्याच्या दारात एखाद्या लाघवी दरबाऱ्याने दावीदाला आधीच कानात सांगितले असते: संदेष्टा मेंढराची गोष्ट सांगेल, पण रोख आपल्यावर आहे, उरियाच्या बायकोचे प्रकरण आहे. राजा सावध झाला असता. त्याने गोष्ट शांतपणे ऐकली असती, कदाचित तिच्या रचनेची तारीफही केली असती, नाथानाला बिदागी देऊन वाटेला लावले असते. त्याचा संताप उसळला नसता. आणि स्वतःच्याच तोंडून स्वतःविरुद्ध निकाल निघाल्यावाचून पश्चात्तापही झाला नसता. ही गोष्ट न जाणणाऱ्यावरच चालते, आणि एकदाच चालते. अशा ठिकाणी रहस्यभेद करणारा माणूस ऐकणाऱ्याची मजा घालवीत नाही. त्याच्यावर होणार असलेला आरोप तो हाणून पाडतो.

तेव्हा रहस्य असलेल्या प्रत्येक चित्रपटाला आम्ही एक साधा प्रश्न विचारतो: हे लपविणे कशासाठी आहे? पुष्कळदा ते खेळासाठी असते, आणि त्यात वावगे काही नाही. मिरजेत जन्मलेल्या राजा परांजपे यांनी १९६४ साली ‘पाठलाग’ काढला. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या भूमिका असलेला हा चित्रपट मराठीतील रहस्यपटांत आजही वरच्या पंगतीला बसतो. गमतीची बाब अशी की १९६६ साली राज खोसला यांनी हेच कथानक ‘मेरा साया’ या नावाने हिंदीत आणले, तेव्हा ‘पाठलाग’ पाहिलेल्या मराठी प्रेक्षकांचा रहस्यभेद त्यांच्याच भाषेने दोन वर्षे आधी करून ठेवलेला होता! मेलेल्या पत्नीसारखीच दिसणारी ही स्त्री कोण, हे त्यांना ठाऊक होते. त्या मंडळींपैकी आता वयोवृद्ध झालेल्या काहींशी आम्ही बोललो आहोत. साधनाच्या अभिनयाकडे नीट पाहता आले, असे काही म्हणाले; सुनील दत्तचा संशय पाहून कंटाळा आला, असे दुसरे म्हणाले. दोघांचेही खरे असावे. ‘पाठलाग’चे रहस्य सुबक आहे, कुलपाची किल्ली फिरावी तसे ते फिरते, पण किल्ली फिरल्यावर आत जे सापडते ते आपल्याविषयी नसते. अशा चित्रपटाचा शेवट सांगणे हे असभ्यपणाचे आहे, शेजाऱ्याच्या पानातील जिलबी उचलण्याइतके. लंडनमध्ये १९५२ पासून चालत आलेल्या अगाथा ख्रिस्तीच्या ‘द माऊसट्रॅप’ या नाटकाच्या शेवटी प्रेक्षकांना गुपित राखण्याची विनंती करतात, तीही याच जातीची, खेळकर विनंती आहे. लोक ती पाळतात म्हणून बरे वाटते. त्याहून अधिक त्यात काही नाही.

‘सैराट’चे तसे नाही. (ज्या वाचकांनी हा चित्रपट अद्याप पाहिलेला नाही त्यांनी यापुढील चार परिच्छेद कृपा करून सोडून द्यावेत आणि लेखाच्या अखेरच्या परिच्छेदाकडे जावे. आम्ही शेवटाविषयी लिहिणार आहोत.)

नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी आला. सांगली-साताऱ्याला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याच्या परिसरात तो मुख्यतः चित्रित झाला. त्यातील विहीर, उसाचे फड, पाटलाचा वाडा यांत आपल्या भागातील कुणालाही परके असे काही वाटणार नाही. पाटलाची आर्ची आणि खालची मानलेल्या जातीतला परश्या यांच्या प्रेमाची ही गोष्ट पहिल्या अर्ध्या भागात गाण्यांवर तरंगत जाते. ‘झिंगाट’ लागले की लोक चित्रपटगृहात उठून नाचत, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. नंतर पळून जाणे, हैदराबादची झोपडपट्टी, भांडणे, समेट, मूल, छोटेसे घर. आणि एके दिवशी आर्चीचा भाऊ माणसे घेऊन, आईने पाठविलेल्या भेटवस्तू घेऊन दारात उभा राहतो. आर्ची चहा ठेवते. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले लेकरू परत येते तेव्हा आईबाप रक्ताच्या थारोळ्यात पडलेले असतात. ते रडत बाहेर पडते, त्याच्या इवल्या पावलांचे रक्ताचे ठसे उमटत जातात, आणि दिग्दर्शक आवाज काढून घेतो. जवळजवळ तीन तास संगीताने भरलेला चित्रपट मुका होऊन संपतो.

मंजुळ्यांनी येथे नाथानाचेच काम केले आहे, अशी आमची धारणा आहे. आपण त्या दोघांच्या बाजूने असतो. त्यांच्या गाण्यांवर नाचलेलो असतो. पाटलाच्या माणसांचा आपल्याला राग आलेला असतो. म्हणजे निवाडा आपण देऊन चुकलेलो असतो. आणि मग शेवटच्या काही मिनिटांत बोट आपल्याकडे वळते: तुमच्या घरी काय चालते? आपण ख्रिस्ती आहोत म्हणून त्या बोटाच्या कक्षेबाहेर आहोत, असे समजण्यात अर्थ नाही. बाप्तिस्म्याने आपण एक झालो, हे आपण शिकवितो. सोयरीक जुळविताना घराण्याची मूळ जात हळूच विचारली जाते, हेही आपल्याला ठाऊक आहे. हे विचारणाऱ्याला कुणी खुनी म्हणणार नाही. पण त्याने ‘सैराट’ काहीही माहीत नसताना पाहावा, नाचावे, रागवावे, आणि मग त्या शांततेत काही क्षण बसावे, यासाठी तो चित्रपट रचलेला आहे. शेवट आधी कळलेला माणूस सावरून बसतो. ‘येणार आता’ असे मनाशी म्हणत तो घड्याळ बघतो. दावीदाला दरबाऱ्याने सावध केले तो प्रकार हाच.

आणखी एक गोष्ट घडते, ती आम्हांला अधिक चिंतेची वाटते. आमच्या परिचयाच्या एका घरी, मुलगी मैत्रिणींबरोबर हा चित्रपट पाहावयास निघाली तेव्हा घरातील एका वडीलधाऱ्यांनी तिला उंबऱ्यावरच सांगितले: बघ हो, शेवटी दोघांनाही मारून टाकतात, पळून गेले की असे होते. एका वाक्यात शेवट सांगून झाला, आणि त्याच वाक्यात तो उलटाही झाला. तीन तास चालून त्या शेवटापर्यंत पोहोचलेल्या माणसाला मारणाऱ्यांचा संताप येतो. शेवट एकटाच हाती आला की तोच मेलेल्यांना दिलेला धडा होऊन बसतो. त्या गृहस्थांनी हे वाईट हेतूने केले नाही, मुलीच्या काळजीनेच केले. तथापि चित्रपट ज्याच्याविरुद्ध साक्ष देत होता त्याच्याच बाजूचा साक्षीदार त्यांनी त्याला बनविले. रहस्यभेदाचा हा सर्वांत वाईट प्रकार होय, कारण त्यात रहस्य फुटते आणि अर्थही फिरतो. मुलगी चित्रपट पाहून आली. ती तेव्हा काही बोलली नाही, असे तिच्या आईने आम्हांला सांगितले.

मग ‘सैराट’ दुसऱ्यांदा पाहू नये काय? अवश्य पाहावा, किंबहुना तो सांगलीच्या सूत्रधाराचा चित्रपट होतो तो दुसऱ्या खेपेस. उत्तरार्धात आर्ची आपल्या आईला फोन करते. कित्येक दिवसांनी लेकीचा आवाज आईच्या कानी पडतो, नातवाचे बोबडे बोल ऐकू येतात. पहिल्या वेळी हा प्रसंग आपल्याला सुखावतो. वाटते, आता सारे सुरळीत होईल. शेवट माहीत असताना तो पाहावयास बसले की अंगावर काटा येतो, कारण माहेरची माणसे पुढे त्या घरापर्यंत कशी पोहोचली याचे उत्तर त्या फोनमध्ये असावे, हे आता आपल्याला कळते आणि तिला कळत नाही. आपण फाल्गुनरावाला पाहत होतो तसेच तिला पाहतो, फक्त हसू येत नाही. म्हणजे ज्ञान आणि अज्ञान, दोन्ही या चित्रपटाला हवे आहेत, पण क्रमाने. पहिले पाहणे अज्ञानाचे असले तरच दुसऱ्याला धार येते. रहस्यभेद करणारा हा क्रम मोडतो, आणि तो पुन्हा जुळविता येत नाही.

परीक्षण लिहिणाऱ्यांनी यातून काय करावे, असा प्रश्न या त्रैमासिकाच्या वाचकांकडून वेळोवेळी येतो. अर्धी कथा सांगून ‘पुढे काय होते ते पडद्यावरच पाहावे’ असे लिहिण्याची जी पद्धत पडली आहे ती आम्हांला मान्य नाही. ती जाहिरातीची भाषा आहे, आणि शेवटाविषयी मौन पाळून त्या चित्रपटाविषयी काही गंभीर बोलता येतच नाही. आम्ही करतो ते एवढेच, की आधी सूचना देतो आणि मग मोकळेपणाने लिहितो. वाचकाने ती सूचना मानावी, आणि मानावयाची नसेल तर निदान घरातील दुसऱ्या कुणाला जेवताना सांगू नये. पौराणिक, ऐतिहासिक आणि बायबलमधील विषयांवरील कलाकृतींसाठी आम्ही सूचना देत नाही, देणारही नाही. ‘पाठलाग’चे रहस्य मात्र साठ वर्षे उलटून गेल्यावरही आम्ही वर कुठे सांगितलेले नाही, हे ज्यांनी तो पाहिला आहे त्यांच्या लक्षात आले असेलच. चित्रपट जुना झाला तरी तो पहिल्यांदा पाहणारा प्रेक्षक दरवर्षी नवा येतो, आणि आमच्या वाचकांच्या घरी सुट्टीला आलेल्या नातवंडांपैकी एखादे त्यातलेच असेल.